लाल खिडकीतला आठ

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे. काळं कातडं चढवलेली लहानशी पेटी, पुढे एक भिंग, कुशीला खटका आणि बाजूला फिरवायची चावी. माझे मालक लखीराम त्या चावीला 'कान' म्हणत. फोटो काढला की लगेच माझा कान पिळायचा. मग आतलं रीळ सरकतं आणि पाठीवरच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येतो. एका रिळात आठच फोटो. एवढं ध्यानात ठेवलंत तर माझी गोष्ट तुम्हाला नीट कळेल.

आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस १९६८ सालच्या जानेवारीतला. लखीराम अंगणात बसून जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने माझं भिंग पुसत होते. वणीहून माहेरी आलेली त्यांची मुलगी पंचफुला शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. सोलता सोलता तिचा हात थांबला.

"बा, तुले एक गोष्ट सांगाची होती."

"सांग ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे. उद्या सांगीन."

"दहा वर्सं झाली, तुहा तो उद्या काई येऊन नाई राह्यला," म्हणत लखीराम हसले. पंचफुलाही हसली. सगळ्यांनी मिळून ते दाणे उकडून खाल्ले. दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण लखीराम उठले नाहीत.

तिला काय सांगायचं होतं, ते मला ठाऊक होतं. पण मी पडलो कॅमेरा. मला दिसतं, बोलता येत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. यवतमाळला मी जंगलखात्याच्या एका साहेबाच्या कपाटात पडून असे. १९५६ साली साहेबांची बदली झाली आणि सहा टोपल्या संत्र्यांच्या बदल्यात मी लखीरामांकडे आलो. बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्याशेजारी त्यांची संत्र्याची बाग होती. वर्षभरात ते रीळ धुवायलाही शिकले. संत्र्यांची कोठी बंद केली की तिथे आमचा अंधार तयार होई. माझ्या काचेला त्यामुळे कायम संत्र्याच्या सालीचा वास येई. फोटो तयार झाला की त्यामागे ते स्वतः कोरलेला लाकडी शिक्का मारत: 'फोटो : लखीराम, बाभुळगाव.'

१९५७च्या फाल्गुनात पंचफुलाचं लग्न ठरलं. नवरदेव रूपसिंग शाळामास्तर. वणीच्या शाळेत रुजू होण्याचा हुकूम त्यांच्या हातात होता, दिवस थोडे उरले होते. तांड्यातली लग्नं तेव्हा कितीतरी दिवस चालत. लखीरामांनी मात्र बागेतच, पंचवीस माणसांत लग्न उरकायचं ठरवलं. पंचफुलाचे मामा धावजी यांना ते मुळीच पटलं नाही.

"पंचवीस माणसं? एवढे तर माह्या एकट्याच्या घरी जेवाले बसते, भाऊजी!"

"मंग तुमी एकटेच या," लखीराम म्हणाले.

मित्रांनो, इतकं देखणं लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. झाडांवर शेवटची संत्री लटकत होती आणि त्यांच्याच शेजारी नवी पांढरी फुलं उमलली होती. पंचफुलाच्या ओढणीवरच्या आरशांचे कवडसे पानापानांवर नाचत होते. मला पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत पाहावं लागतं. त्या काचेत डावं ते उजवं दिसतं. लखीराम त्या दिवशी इतके आनंदात होते की हे विसरूनच गेले.

"धावजी, उजवीकडं सरका. अजून. अजून थोडं."

"भाऊजी, फोटोत घेता का विहिरीत ढकलता?"

सगळी बाग हसली. तो सहावा फोटो.

सात फोटो झाले. एकच उरला होता, आणि तो कुणाचा हे हंसाबाईंनी, म्हणजे पंचफुलाच्या आईने, आधीच ठरवलं होतं. आमच्या तांड्यात निघायच्या वेळी नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. ते गाणंही असतं आणि रडणंही. मायलेकींचा तो क्षण हंसाबाईंना हवा होता.

लखीरामांनी मला बाजेवर ठेवलं आणि झाडाखाली उभे राहून ते एक संत्रं सोलू लागले. पंचफुलाने ते पाहिलं. बा सगळ्यांचे फोटो काढतो, त्याचा एकही नाही, असं तिच्या मनात आलं असावं. तिने मला उचललं आणि खटका दाबला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "पंचफुला, चाल वं!" मला तसंच ठेवून ती धावली. माझा कान पिळायचा राहून गेला.

मग ढावलो सुरू झाला. लखीरामांनी लाल खिडकीत पाहिलं. आठ. त्यांनी मान खाली घातली आणि खटका दाबला. माझ्या काचेवर दोन थेंब पडले.

दोन दिवसांनी कोठीत आठवा फोटो निघाला, एकावर एक उमटलेली दोन चित्रं. गालात संत्र्याची फोड धरलेले लखीराम, आणि त्यांच्याच छातीवर गळामिठी घालून रडणाऱ्या मायलेकी. लखीराम आधी खूप हसले. मग त्यांनी तो फोटो बाजूला ठेवला. बाहेर येऊन हंसाबाईंना एवढंच म्हणाले, "शेवटचा बिघडला. मी कान पिळाले भुललो."

"साऱ्या गावाच्या पोरी काढल्या, आपलीच तेवढी नाई निघाली!" हंसाबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

पहिल्या माहेरपणाला पंचफुलाने हे ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. नंतर सांगू, असं तिने ठरवलं. पुढे तर ती गोष्ट म्हणजे गावाची गंमतच झाली. लखीराम कोणत्याही लग्नात दिसले की धावजी ओरडत, "भाऊजी, कान पिळला का?" "पिळला, पिळला!" लखीराम हसून सांगत. सगळे हसत. पंचफुला मात्र पदर नीट करायला लागे.

पुढे स्टँडजवळ झगमगत्या दिव्यांचा स्टुडिओ आला आणि मला बोलावणी येईनाशी झाली. तरी लखीराम दर आठवड्याला मला पुसत. म्हणूनच मला बुरशी लागली नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना असाच कधीतरी हात लावत जा. धूळ बसली की काच आंधळी होते. आणि मनातली गोष्टही फार दिवस झाकून ठेवू नका. माझं रीळसुद्धा वेळेवर धुतलं नाही तर चित्र पुसट होत जातं.

लखीरामांच्या तेराव्यानंतर पंचफुलाने माझी कातडी पिशवी साफ करायला घेतली. आतलं अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं. त्यातून तो आठवा फोटो निघाला. तिने तो उलटा केला. मागे नेहमीचा शिक्का होता, पण 'लखीराम' या नावावर रेघ मारली होती आणि खाली त्यांच्या हाताने लिहिलं होतं: पंचफुला.

ती मला घेऊन बागेत गेली. त्याच झाडासमोर मला पोटाशी धरून तिने मान खाली घातली. माझ्या पोटात रीळ नव्हतं. काचेत नुसतं झाड होतं, त्यावर चार-दोन संत्री होती.

"बा," ती मोठ्याने म्हणाली, "तो खटका मी दाबला होता. कान पिळाले मीच भुलली. तू नव्हता भुलला, बा."