चर्चच्या शिडीची कैफियत

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. एका लहानशा चर्चच्या मागच्या अंगणात पडून असते. उन्हापावसाने माझे अंग काळे पडले आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हिनेच त्या बाईला पाडलं." मित्रांनो, खरे काय घडले ते एकदा ऐकून घ्या.

चर्चचे बाक करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. चर्चच्या लोकांनी मजुरी विचारली तेव्हा तो नुसता हसला आणि रंधा पिशवीत घालून निघून गेला. त्याच्या बायकोला सगळे सुतारकाकू म्हणत. काकू दर शनिवारी माझ्यावर चढून उंच खिडक्यांच्या काचा पुसायच्या. पुसता पुसता गीते गुणगुणायच्या आणि मध्येच कोळ्याला दटावायच्या, "पुन्हा इथेच जाळं? दुसरं घर मिळत नाही का रे तुला?" रविवारी त्या काचांतून रंगीत ऊन बाकांवर उतरे. लोक म्हणत, "किती प्रसन्न वाटतं इथे!" काचा कोण पुसते, हे कोणी विचारले नाही. सुतार वारला, तरी काकूंचा शनिवार चुकला नाही.

पुढे माझी चौथी पायरी खिळखिळी झाली. काकूंनी चर्चच्या सेक्रेटरींना सांगितले, "साहेब, पायरी हलतेय. कोणी सुतार बोलवा ना."

"पुढच्या मिटिंगमध्ये विषय घेतो, काकू."

मिटिंग माझ्या शेजारच्याच खोलीत भरे. दाराशी लावायच्या देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर कोणाचे नाव आधी यावे, यावर दोन तास वाद झाला. पुढच्या मिटिंगलाही तोच वाद. काकूंनी तीनदा सांगून पाहिले, मग जुन्या चादरीच्या पट्टीने ती पायरी स्वतःच करकचून बांधली.

पाटीच्या अनावरणाला बिशप येणार होते. आदल्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "काकू, त्या वरच्या काचेवर डाग राहिलाय बघा."

"जरा शिडी धरता का?"

"आलोच हं," म्हणत ते फोन कानाला लावून बाहेर गेले. काकूंनी बराच वेळ वाट पाहिली, मग चढल्या. पट्टी सुटली, पायरी निखळली. मी जिवाच्या आकांताने भिंत सोडली नाही, पण काकूंना सावरायला मला हात कुठले?

सेक्रेटरी धावत आले. त्यांचे पहिले शब्द होते, "बघून चढायचं ना, काकू!"

काकूंचे खुब्याचे हाड मोडले. अनावरण ठरल्या वेळी झाले. 'आपल्या एका भगिनीसाठी' प्रार्थनाही झाली. मला मात्र मागच्या अंगणात फेकून दिले.

दोन महिन्यांनी काकूंची मुलगी आईकडच्या चर्चच्या किल्ल्या परत द्यायला मागच्या दारी आली.

"आम्ही दर रविवारी प्रार्थना करतो हो तुमच्या आईसाठी," सेक्रेटरी म्हणाले.

"पण घरी कोण आलं? मी कामाला गेले की आई भिंत धरधरून स्वयंपाकघरात जाते, घोटभर पाण्यासाठी."

सेक्रेटरींनी किल्ल्या नीट मोजून घेतल्या.

मग एका रविवारी काकू स्वतःच आल्या, काठी टेकत. आधी माझ्याकडे आल्या. माझ्या मोडक्या पायरीवरून त्यांनी हात फिरवला. तेवढ्यात मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "वा, चालायला लागलात की! मग खालच्या काचा तरी या शनिवारपासून? फार कळकट झाल्यात."

काकूंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आता तरी त्या नाही म्हणतील, असे मला वाटले.

"येईन, साहेब," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासाठी नाही."

आणि लंगडत आत गेल्या.

मित्रांनो, काही माणसांना नाही म्हणताच येत नाही. त्यांना पुढचे काम सांगण्याआधी एकदा तरी विचारा, "दुखतंय का?" मला ते कधीच विचारता आले नाही. मी लाकडाची आहे. तुम्ही नाही.