सत्तावीस नंबरबद्दलचा अभिप्राय

"तीनच स्टार देतोय," देवदत्त म्हणाला.

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईच्या दुकानासमोर गाडी उभी होती, हीटर चालू होता, आणि देवदत्त पाटणकर स्टिअरिंगवर फोन टेकवून जिलबीविषयी लिहीत होता.

"काउंटरवरची बाई नवीन होती रे," शुभा म्हणाली. "तिचं नाव कशाला टाकतोस?"

"फीडबॅक दिला नाही तर माणसं इम्प्रूव्ह कशी होणार?"

नेपरव्हिलहून रोज ट्रेनने शिकागोला जायचं आणि दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, हे देवदत्तचं काम. घरी आल्यावर तो प्लंबर, दंतवैद्य, न्हावी यांच्या चुका काढी आणि नेटवर टाकी. अकराशे अभिप्राय झाले होते. त्यामुळे त्याच्या खात्याला इतकं वजन आलं होतं की तो जे लिही ते सगळ्यांच्या वर दिसे. शुभाच्या स्वयंपाकाविषयी मात्र त्याने नेटवर कधी लिहिलं नाही. ते तोंडी चाले.

एवढ्यात फोनवर मेसेज आला. देवदत्तने तो वाचला आणि फोन मांडीवर पालथा घातला.

"कोणाचा?"

"ऑफिसचा."

मेसेज मालईचा होता. "मिस्टर देव, बॉस म्हणते एक तारखेपासून येऊ नको. कोणीतरी माझ्याबद्दल वाईट लिहिलंय. तुझं इंग्लिश चांगलं. माझ्यासाठी काही चांगलं लिहिशील?"

डिसेंबरात नागपूरला जाताना देवदत्त मित्राबरोबर, सिद्धेशबरोबर, थायलंडच्या एका समुद्रकाठच्या गावात चार दिवस उतरला होता. घरी 'बँकॉकला क्लायंट मीटिंग' असं सांगितलं होतं. सिद्धेश पहिल्याच दुपारी तिथल्या एका बारमधून कुणा बाईबरोबर निघून गेला. देवदत्तला तसं जायचं धैर्य नव्हतं आणि तिथून उठून हॉटेलवर परतायचंही मन होत नव्हतं. तो उंच स्टुलावर लिंबू सोडा घेऊन, पोट आत ओढून बसला. तिथल्या बायकांच्या छातीवर नंबरांचे बिल्ले होते. काहीजणी अंतरापेक्षा, म्हणजे त्याच्या लेकीपेक्षा, लहान असाव्यात. त्यांच्यापैकी कुणी जवळ आली की त्याला घाम फुटे आणि तो भिंतीवरचा मेनू वाचू लागे.

सत्तावीस नंबरची मालई चाळिशी ओलांडलेली होती. तिने त्याची ती अवस्था पाहिली आणि काही न बोलता प्लास्टिकच्या चकत्यांचा खेळ समोर मांडला. चार चकत्या एका ओळीत आणायच्या. ती दर डाव जिंकली. दुसऱ्या दिवशी त्याची उन्हाने भाजलेली मान पाहून तिने फडक्यात बर्फ बांधून दिला आणि "जेवलास का?" असं विचारलं. बावन्नाव्या वर्षी एवढंही पुरतं माणसाला.

तिसऱ्या दुपारी तो म्हणाला, "मी बाकीच्या गिऱ्हाइकांसारखा नाही ना? तुला मी खरंच आवडतो ना?"

मालई हसली. "मिस्टर देव, हे सगळेच विचारतात." मग तिने ते आपल्या भाषेत बाकीच्यांना सांगितलं आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात विष नव्हतं. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका हसतात तसं हसणं होतं ते. पण देवदत्तच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोही हसला, तिला टिप दिली आणि हॉटेलवर जाऊन त्याने लिहिलं: 'सत्तावीस नंबर वयस्कर आहे. ग्राहकांची टिंगल करते. व्यवस्थापनाने दखल घ्यावी. दोन स्टार.'

दुसऱ्या दिवशी तो तिचा निरोप घ्यायलाही गेला, हे विशेष. तिने त्याचा नंबर घेतला आणि वाळवलेल्या आंब्याचं पाकीट हातात दिलं. "बायकोला दे," म्हणाली. शुभाला ते फार आवडलं. विमानतळावर घेतलं, असं त्याने सांगितलं.

मालईचं इंग्रजी मोडक्यातोडक्या मेसेजपुरतंच होतं. बॉसने तिला मजकूर वाचून दाखवला, लिहिणाऱ्याचं नाव दाखवलं नाही. तिच्या फोनमध्ये दारू न पिणारा, अंगाला हात न लावणारा, चांगलं इंग्रजी लिहिणारा एकच भला माणूस होता. तिने त्याला गळ घातली.

घरी येऊन देवदत्तने तो अभिप्राय उघडला. एका जागेला एकच अभिप्राय देता येतो. चांगलं लिहायचं तर आधीचं पुसावं लागणार होतं. पण त्याखाली आकडा होता, चारशे बारा लोकांना तो उपयुक्त वाटला होता. आजवर त्याच्या कुठल्याच लिहिण्याला एवढी दाद मिळाली नव्हती. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटली नाही.

"लिहिलंस का?" मालई विचारी.

"या वीकेंडला लिहितो," तो कळवी.

"या वयात दुसरा बार घेत नाही, मिस्टर देव."

"हो, हो. नक्की."

असे तीन वीकेंड गेले. एक तारीखही गेली.

मग एका रविवारी अंतराचा फोन आला. ती दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला नोकरी करत होती. शुभा बाहेर दारातला बर्फ झाडत होती.

"बाबा, मी तुमचं डोसा प्लेसचं रेटिंग बघत होते. तुमच्या प्रोफाइलवर हे बीच बार काय आहे? 'नंबर ट्वेंटी-सेव्हन इज ओल्ड'? यू रोट दॅट अबाउट अ पर्सन?"

"अगं, क्लायंटबरोबर गेलो होतो. ते लोक जबरदस्तीने घेऊन..."

"आय डिडन्ट आस्क व्हाय यू वेंट."

देवदत्तने दाराकडे पाहिलं. मग आवाज बारीक करून म्हणाला, "आईला सांगणार आहेस का?"

"दॅट्स युअर क्वेश्चन? नाही सांगणार. पण ते काढा. नाऊ."

तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते त्याने अर्ध्या मिनिटात केलं. अभिप्राय गेला, त्याखालचे चारशे बारा लोक गेले. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण अशाच माणसांसाठी केलेली असते. झाकलं गेल्यावर त्याला भूक लागली.

दोन दिवसांनी सकाळी तो पोहे खायला बसला असताना मालईचा फोटो आला. मासळीच्या धक्क्यावर बायकांच्या रांगेत ती उकिडवी बसली होती. पायात रबरी बूट होते, कोपरापर्यंत हात माकूळ माशांच्या काळ्या शाईने माखले होते. खाली लिहिलं होतं, "बॉस म्हणाली, वाईट लिहिलेलं गेलं. मला माहीत होतं, तू काहीतरी करशील. माझ्या जागी नवीन मुलगी आली, त्याला इलाज नाही. इथे काम आहे. तू वाईट वाटून घेऊ नको. थँक यू, मिस्टर देव."

"कोण रे?" शुभाने विचारलं.

"आहे एक ओळखीची. तिच्या नोकरीचं अडलं होतं. थोडी मदत केली."

"बरं केलंस," शुभा म्हणाली आणि तिने त्याच्या पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. "कोण करतं हल्ली दुसऱ्यासाठी."

देवदत्तने मान हलवली. त्याने 'यू आर वेलकम' असं लिहिलं, ते पुन्हा एकदा वाचलं आणि पाठवलं.

तिकडून लगेच दोन जोडलेले हात आले.