तुळशीतला करंट

गणू गेला तेव्हा अख्ख्या गावाची लाइट गेली होती, आणि ती परत आणायची तर गणूच लागणार होता. त्यामुळे गावाचं दुःख अगदी खरं होतं.

गणू झिरो वायरमन होता. म्हणजे पगार नाही, ओळखपत्र नाही, हातमोजे नाहीत, पण पोलवर चढायचं ते त्यानेच. मुरबाड तालुक्याच्या त्या टोकाला कुठे तार तुटली, कुठे फ्यूज उडाला, की गणू लुंगी वर खोचून चढायचा. अर्ध्यावर थांबून विचारायचा, "बंद केलंय ना रे?" खालून कोणीतरी ओरडायचं, "केलंय!" बहुतेक वेळा केलेलं असायचं.

त्याची बायको वत्सला रडली नाही. दहाव्याला लोक वाट बघून घरी गेले, तेराव्याला जेवून गेले. ती नुसती पडवीत बसून राहायची. आधी बोलणं बंद झालं, मग हळूहळू खाणं. ब्लाउजच्या बाह्या दंडावर ढिल्या लोंबायला लागल्या. सकाळी आंघोळ करून अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं, एवढं एकच काम तिने सोडलं नव्हतं. प्रणित तिचा एकुलता एक. तो मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला होता आणि तिथे जोकर म्हणून प्रसिद्ध होता. घरी त्याने असतील नसतील ते सगळे जोक करून पाहिले. बंद टीव्हीकडे बघावं तशी आई त्याच्याकडे बघायची.

"बाई अशीच जाते नवऱ्यामागं," शेजारची चंदाकाकू त्याला म्हणाली. "माझी मावशी गेली. खायची बंद झाली न् गेली."

"मग काय करू, काकू?"

"काय करशील? बघायचं."

पौषातली थंडी पडली आणि न्हाणीतला गिझर खालून ठिबकायला लागला. आईला निदान गरम पाणी तरी मिळावं, म्हणून प्रणितने मुरबाडच्या बाजारातून नवा गिझर आणला. एसटीत तो खोका असा मांडीवर घेऊन बसला होता, की शेजारच्या म्हातारीने मुलगा का मुलगी तेवढं विचारायचं बाकी ठेवलं.

बसवायला बोलवायचं कोणाला? गावात वायरमन एकच होता आणि त्याचं तेरावं झालं होतं. शिवाय वायरमनच्या पोराच्या हाताला ते उपजत असणारच, असं गावाचं मत होतं. दुर्दैवाने प्रणितचंही तेच मत होतं.

त्याने मेन पाडली. पाण्याचा कॉक बंद करून पाइप सोडला, तेव्हा बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार ओल्या पिठासारखा भसाभसा खाली आला. जुना गिझर हुकांवरून उतरवला. नव्याची भोकं जुन्या हुकांना जुळेनात, म्हणून भिंत फोडली. जोडांना टेप गुंडाळली. भिंतीतून तीन वायरी बाहेर आल्या होत्या, लाल, काळी आणि हिरवी. मोबाइलवरचा माणूस हिंदीत सांगत होता की लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. प्रणितने तसंच जोडलं. मेन चढवली. दिवा लागला, धूर आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण बापाचे वाटलो.

पाणी तापायला मात्र फार वेळ लागत होता. "व्होल्टेज," तो स्वतःशीच म्हणाला. गावात ज्याचं कारण माहीत नसतं त्याला व्होल्टेज म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळ करून, तांब्या घेऊन, अनवाणी अंगणात गेली. प्रणित गिझर चालू ठेवून दात घासत उभा होता.

"प्रणित!"

त्याच्या तोंडातला ब्रश पडला. तेराव्यानंतरचा तिचा हा पहिलाच शब्द.

"तुझा बाप आलाय."

"कुठं?"

"तुळशीत."

"मग बाहेर का उभं केलंस? आत ये म्हणाव."

"मस्करी नको करू. हात लावला न् अंगात झिणझिण्या आल्या बघ. करंटनं गेला, करंटनंच आला."

प्रणितने हात लावला नाही. पाणी तापलं होतं, कंपनीची बस सुटणार होती. आंघोळ करून बाहेर येतो तो चुलीवर भाकरी, आणि टॉवेल कुठेही टाकतो म्हणून आई त्याच्या सात पिढ्या काढत होती, ज्यात तिची स्वतःचीही एक येत होती. तो तिथेच उभा राहून शिव्या ऐकत राहिला. बस गेली.

दोन भाकऱ्या तिने स्वतः खाल्ल्या.

वत्सला खाते, बोलते हे कळल्यावर चंदाकाकू चौकशीला आली. तिने ओल्या वृंदावनाला हात टेकला आणि एकदम मागे घेतला. "गो बाय! गणूभावजीच हो!"

मग काय, सकाळी सकाळी बायकांची रांग. गणू जिवंतपणी बोलावला की उद्या येतो म्हणायचा, आता रोज हजर होता. बायका त्याला प्रश्न घालायच्या. झिणझिण्या आल्या तर होय, नाही आल्या तर नाही. कोणाची म्हैस गाभण राहील का, कोणाचा पोरगा वाशिंदच्या कंपनीत लागेल का. वत्सला शेजारी पाट टाकून बसायची आणि नवऱ्याच्या वतीने लोकांना दटावायची. "एकेकीनं गो! त्यांना कामं हायत!"

"आज लवकर गेले," एकदा ती प्रणितला म्हणाली. "तू आंघोळीला जायच्या आधी येतात न् तुझी झाली की जातात. तुझ्यावर जीव होता त्यांचा."

प्रणित न्हाणीत उभा होता. हे वाक्य त्याच्या डोक्यात साबणासारखं उतरत गेलं. त्याने हात लांब करून गिझरचं बटण दाबलं.

"आले!" बाहेरून चंदाकाकूचा आवाज.

त्याने बटण बंद केलं.

"गेले!"

चालू.

"आले, आले!"

बंद.

"गेले! काय चाललंय भावजींचं आज? इसरले बिसरले का काय?"

प्रणित ओल्या लादीवर बसला.

त्या दिवशी तो कामावर गेला नाही. गिझरचं झाकण काढून त्याने वायरी शोधत नेल्या आणि त्याला बाप कळला. गणू वायर कधी विकत घ्यायचा नाही. लोकांच्या कामातून जी उरेल ती. घर बांधलं तेव्हा त्याच्याकडे हिरवीचं भेंडोळं पडलं होतं, म्हणून घरातली सगळी न्यूट्रल हिरवी. अर्थिंगला उरली काळी. ती भिंतीतून बाहेर जाऊन तुळशी वृंदावनात उतरत होती, कारण अर्थिंगच्या सळईला जमीन ओली लागते आणि तुळशीला वत्सला रोज पाणी घालते. तेव्हा तिथेच सळई ठोकलेली बरी. व्हिडिओतल्या माणसाने हे घर पाहिलेलं नव्हतं. गिझरची वीज हिरवीतून परत जायची, ती प्रणितने काळीतून तुळशीत सोडली होती.

दोन स्क्रू फिरवायचे, की झालं. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. स्वयंपाकघरात आई कोणाला तरी सांगत होती, "जेवून जा गो, भात जास्तीचा टाकलाय." त्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

फिरवले तर आई पुन्हा पडवीत जाऊन बसेल आणि चंदाकाकूच्या मावशीसारखी जाईल. नाही फिरवले तर एक दिवस गणूसारखी जाईल. त्याने मधला मार्ग काढला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मूर्खपणाचा. आईला रबरी चप्पल आणली. ती म्हणाली, "तुझ्या बापासमोर चप्पल घालून जाऊ?" मग त्याने आंघोळ आवरती घेतली. बाप आता घाईत येऊन घाईत जायला लागला. बायका म्हणाल्या, वर काम वाढलं असेल.

अशात चंदाकाकूची शेळी सुटली. पुढचे पाय वृंदावनावर टेकून तिने तुळस ओरबाडली आणि सळईवरचं पाणी चाटलं. एकदा ताठ झाली आणि आडवी पडली. प्रणितने धावत जाऊन बटण बंद केलं, पण ते आता फक्त विजेची बचत म्हणून.

कोणीतरी म्हणालं, "घेतली."

"मला बोलले असते तर मीच दिली असती की," चंदाकाकू रडत म्हणाली. संध्याकाळी तिने घरोघर वाटे पाठवले. प्रणितच्या घरीही आला. आईने रस्सा केला. प्रणितला घास गिळेना.

"खा," आई म्हणाली. "तुझ्या बापानं पहिल्यांदाच घरात कायतरी आनलं."

उद्या फिरवू, असं ठरवून तो झोपला. सकाळी आईने त्याच्या आधी उठून गिझर लावला होता. तो न्हाणीत तोंडाला साबण लावतो तोच बाहेर चंदाकाकूचा आवाज आला, "दिशा, ठेव गो बाळाला भावजींच्या पुढ्यात. घाबरू नको. आजोबाच हायत."

दिशा तिची सून. बाळ अजून मान धरत नव्हतं.

प्रणित टॉवेल कसाबसा धरून, डोळ्यांत साबण घेऊन, भिंतीला आपटत धावला. मेनचा खटका पाडला आणि तसाच अंगणात आला. दिशाचे हात वृंदावनावर होते आणि बाळ वृंदावनाच्या ओल्या कट्ट्यावर. रडत होतं. रडत होतं म्हणजे ठीक होतं. प्रणितने ते उचललं.

"हा बाबा नाय," तो म्हणाला. "हा गिझर हाय."



"तुझ्या बापाला गिझर म्हणतोस?" चंदाकाकू म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. लाल, हिरवी, काळी. बायकांना पटेना. मग त्याने सगळ्यांना लांब उभं केलं, क्षणभर मेन चढवली आणि टेस्टर वृंदावनाच्या ओल्या मातीत खुपसला. टेस्टरचा दिवा लागला. तो बघून दोघींनी हात जोडले.

फक्त दिशाने बाळ छातीशी धरलं आणि ती मागे मागे सरकत गेली. तिला कळलं होतं. वत्सलालाही. ती उठली, पाट उचलला आणि घरात गेली.

प्रणित वायरी बदलत होता तेव्हा ती न्हाणीच्या दारात येऊन टेकली.

"ह्याच्यात तुझा बाप नाय?"

"नाय, आई."

"वायरी कुणी टाकल्या?"

"बाबांनी."

"सळई कुणी ठोकली?"

"बाबांनीच."

"मग?"

प्रणितने स्क्रू घट्ट केला.

संध्याकाळी कामावरून आला तर न्हाणीत गिझरचं झाकण जमिनीवर, आई स्टुलावर उभी, हातात गणूचा स्क्रूड्रायव्हर. मेन चालू होती. एक वायर तिने सोडवलेली, दुसरीवर काम चाललेलं. हात ओले. कोणती वायर आधी सोडवली, केवळ त्या योगायोगावर ती अजून जिवंत उभी होती.

त्याने मेन पाडली, तिला कडेवर घेतल्यासारखं खाली उतरवलं. तिचं वजन खोक्यातल्या गिझरपेक्षा थोडंच जास्त होतं.

"मेली असतीस!"

"मग?" ती म्हणाली. तोच शब्द, पण या वेळी त्यात प्रश्न नव्हता.

प्रणित पहार घेऊन अंगणात गेला. वृंदावन एका बाजूने फोडलं. सळई खोल होती, गणूचं काम पक्कं. तुळशीच्या मुळांनी तिला एवढं गुंडाळलं होतं, की सळई ओढली तशी तुळस मुळासकट तिच्याबरोबर आली. माती, मुळं, गंज आणि शेंड्याला पाच-सहा मंजिऱ्या. तो ते धरून उभा राहिला. आता आई ओरडेल, डोकं आपटेल, असं त्याला वाटलं. तो त्यालाही तयार होता.

"पाणी तापव," ती म्हणाली.

"गिझरला आता अर्थिंग..."

"चुलीवर."

त्याने तापवलं. तिने अंगणात पाट मांडला आणि सळई त्यावर आडवी ठेवली. मुळं एकेक करून सोडवली. तेल चोळलं, हळद लावली. मग तांब्यातांब्याने पाणी घालत, गंज हाताने घासत, वरपासून खालपर्यंत आंघोळ घातली.

"मला हात लावू दिला नाय त्यांना," ती म्हणाली. "कापडात बांधून आनलं न् तसंच नेलं. बघू नका वयनी, बोलले. आंघोळ नाय, काय नाय. माणसाला असं मळकंच धाडतात का रे?"

प्रणित पाणी देत राहिला. चंदाकाकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली, मग तिचा नवरा, मग आणखी कोणीकोणी. सळई पुसून तिने तिच्यावर आपलं धुतलेलं लुगडं पांघरलं, तोंडाच्या बाजूला जरा उघडं ठेवलं, बराच वेळ बघितलं, आणि झाकलं.

"उचल," ती म्हणाली.

सळई एका माणसाच्या एका हातात मावली असती. पण गावाला सवय. चौघे पुढे झाले. चौघांच्या चार उंच्या, त्यामुळे ती कोणाच्याच खांद्याला नीट लागेना. दोघे वाकून चालले, एक टाचा उंच करून, आणि प्रणितने पुढचं टोक धरलं. नदीच्या वाटेला लागल्यावर मागे वळून बघायचं नसतं. त्याने बघितलं. आई अंगणात फोडलेल्या खड्ड्यात पायाने माती लोटत होती, आणि प्रत्येक वेळी लोटून झाली की त्यावर अनवाणी उभी राहून, जरा थांबून, पुन्हा लोटत होती.