चौथी मूठ

नागूबाईंनी तांदळाची तिसरी मूठ पत्र्याच्या डब्यात टाकली, "आभार, देवा" म्हटलं आणि झाकण लावलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तीनच?"

दारात सून उभी होती. बीदरच्या दवाखान्यातून येऊन पाच दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत स्नेहा अंथरुणातून उठली नव्हती की धड एक शब्द बोलली नव्हती. त्यामुळे नागूबाईंना आधी आनंदच झाला.

"उठलीस व्हय, बाय? बस, चहा ठिवते."

"चौथी मूठ कामून बंद केली, आत्या?"

नागूबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. स्नेहा उत्तराला थांबली नाही. आत गेली आणि पलंगाखालची बॅग ओढल्याचा आवाज आला.

नागूबाईंच्या सासरची ही जुनी रीत. रोज शिजवायच्या तांदळातून घरातल्या माणसागणिक एक मूठ बाजूला काढायची, त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानायचे आणि रविवारी डबा चर्चमध्ये रिकामा करायचा. दुसऱ्या कुणाला कधी विसर पडला असता, नागूबाईंना नाही. आभार मानण्याचं त्यांना वेडच. बस चुकली तर म्हणायच्या, बरं झालं, उभ्यानं जावं लागलं असतं. शेजारची लिंगम्मा म्हणायची, "नागूबाईचा एक पाय मोडला तर दुसरा शाबूत हाय म्हणून ती आभार मानंल." त्यावर नागूबाईंचं उत्तर तयार असे, "मग? मानू नये व्हय?" एकदा चर्चच्या पाळकसाहेबांनी नाव बदलून बायबलातलं एखादं ठेवा म्हणून सुचवलं, तर म्हणाल्या, "देव मला ह्याच नावानं वळखतो. आता उगं त्याचा घोटाळा कशाला?"

घरात माणसं तीन. त्या, मुलगा अमरदीप आणि स्नेहा. स्नेहाला दिवस गेल्याचं कळलं त्या सकाळपासून डब्यात चौथी मूठ पडू लागली. "येणाऱ्याबद्दल आभार, देवा." स्नेहा लाजून तोंड फिरवायची. अमरदीप चिडवायचा, "आये, आजून पोटात हाय ते. आत्तापसूनच मूठ?"

"पोटात काय उपाशी हाय व्हय? जेवायलंय की."

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली आणि काचेच्या पेटीत दोन दिवस जगली. नागूबाईंना आत सोडलं नाही. त्यांच्या हातात आलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं, तोंड तेवढं उघडं. घरी आल्यावर त्यांनी चौथी मूठ बंद केली, सुनेच्या जिवाला लागायला नको म्हणून. त्यांनी ते चांगल्या मनानं केलं होतं आणि चांगल्या मनानं केलेली चूक माणसाला लवकर दिसत नाही.

नागूबाई गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवत. त्या दिवशी सांबारात मीठ दोनदा पडलं.

"अक्का, ध्यान कुठं हाय?" जोडीच्या दानेश्वरीनं विचारलं.

"सून माहेराला जायलीय. उद्याच. करजगीला."

"जाऊ द्या की. चार दिस आईपाशी राहंल, मन हलकं हुईल."

"ती परत यायची न्हाई, दानेश्वरी. माझ्या घरात तिच्या लेकीला जागा न्हाई असं वाटायलंय तिला."

बोलून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं, खरी गोष्ट हीच आहे. सांबारात वाढीव पाणी ओतता ओतता त्यांना आपला नवरा आठवला. श्रीमंत नाव, पण सगळी श्रीमंती हातपंप दुरुस्त करायच्या पान्यांच्या पिशवीत. सहा वर्षांपूर्वी ते गेले. चौथ्या दिवशी नागूबाई सवयीनं त्यांची मूठ काढायला लागल्या, तेव्हा हयात असलेल्या सासू राजूबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं. "जेवणाऱ्याची मूठ असती, नागू. गेलेल्याला देव जेवू घालायलाय."

नागूबाईंनी ऐकलं. पण त्यांच्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. फक्त डब्यापाशी, देवाला सांगताना तेवढं नागूबाई ते घेत. मूठ बंद झाली तशी नावही बंद झालं. कितीतरी महिने त्यांचा हात तांदळात जायचा आणि रिकामा वर यायचा. त्याचा त्यांना फार राग आला होता आणि तो त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता. रोज आभार मानणाऱ्या बाईनं राग कुणाला सांगायचा?

शनिवारी सकाळी बॅग दाराशी आली. अमरदीप अंगणात मोटारसायकल पुसत होता.

"स्नेहा, जरा हिकडं ये," नागूबाईंनी हाक मारली.

ती आली, उभीच राहिली. परातीत तांदूळ होते. नागूबाईंनी तीन नावं घेऊन तीन मुठी टाकल्या. मग चौथ्यांदा हात घातला आणि तिथंच अडल्या.

"ह्या मुठीला काय म्हनावं, मला सुचंना," त्या म्हणाल्या. "खोटं कामून बोलू? राग आलाय मला देवाचा. लई राग आलाय."

स्नेहा खाली बसली. सासूच्या तोंडून असलं काही तिनं कधी ऐकलं नव्हतं.

नागूबाईंनी मूठ उचलली. स्नेहानं त्यांचं मनगट धरलं.

"एवढी न्हाई, आत्या," स्नेहा म्हणाली. "तुम्ही तिची मूठ बघितली न्हाई."

तिनं परातीतले तांदूळ तीन बोटांच्या चिमटीत घेतले. थोडे परत सोडले. उरलेले सासूच्या तळव्यावर ठेवले.

"एवढी होती. पेटीच्या भोकातनं हात घातला तर माझं बोट धरली. सोडलीच न्हाई मग."

नागूबाई ते दाणे बघत राहिल्या. नातीची मूठ त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

स्नेहानं सासूचा हात डब्यावर नेऊन हळूच कलता केला. "बोट धरलं त्याबद्दल, देवा," ती म्हणाली. दाणे पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

डबा उघडाच होता. नागूबाईंनी पुन्हा परातीत हात घातला, ही मूठ मात्र भरून घेतली.

"श्रीमंतबद्दल," त्या म्हणाल्या. सहा वर्षांनी ते नाव घेताना त्यांचा आवाज नव्या नवरीसारखा बारीक झाला.

बाहेर अमरदीपनं हॉर्न वाजवला.

"गाडी आत घ्या," स्नेहानं आतून सांगितलं. "जेवून बघू."

त्या दिवशी एका मुठीनं भात जरा कमीच पडला.