काळी चार

माघातलं ऊन हळदीचं झालं होतं. अंगणाअंगणात वाळत घातलेल्या हळकुंडांवरून उठून ते कन्याशाळेच्या खिडकीशी येई, आणि पीतवर्ण, पीतगंध, मंदपावली, संगीतवर्गातल्या पेटीवर अंग टाकी.

सूर्य ढळेल, कृष्णामाई पात्र बदलेल, पण षड्ज अचल आहे. कुलगुडे सरांची ही एकतीस वर्षांची श्रद्धा. पेटीवरची पहिली काळी पट्टी, काळी एक, हे त्या षड्जाचं सिंहासन. ते तिथंच का? तर सरांचा गळा तिथं बसे.

सरांचा गळा बसे तिथं शाळा बसे. जिचा बसत नसे तिला सर मायेनं सांगत, "तू नुसते ओठ हलव, बाळ."

सातवीतली सुनेत्रा चौगुले तीन वर्षं ओठ हलवत होती. नतनेत्रा, मूकवदना. त्या पट्टीत तिचा आवाज विहिरीत सुटलेल्या घागरीसारखा बुडे. स्नेहसंमेलनाच्या यादीत तळाशी 'फक्त ओठ' असा रकाना होता; यंदा सरांनी तिथूनही तिचं नाव कापलं होतं. कापताना तिनं ते पाहिलं होतं. यादी सरांच्या खिशात होती.

अशात परिपत्रक आलं. मुली शिकवतील, शिक्षक बाकावर बसेल. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एक तास गप्प बसा हो, सर. वर फोटो पाठवायचाय."

सर बसले. बाक लहान होता.

पेटीपाशी वर्गप्रमुख रेवती उभी राहिली. "ए, रांगेनं या गं! जिला जिथं सोपं जातंय तिथं बोट ठेवायचं, आणि 'सा' म्हणायचं."

सर हादरले. निवडायचा? षड्ज म्हणजे काय मंडईतली वांगी?

बोटं आली. हळदीनं पिवळी, शाईनं निळी, भित्री बोटं, धीट बोटं. काळी एकवर एकही थांबलं नाही. एकही नाही! सरांच्या कानशिलात ऊन वाजू लागलं.

शेवटी सुनेत्रा. तिचं बोट चाचपडलं, थबकलं, सरकत सरकत काळी चारवर आलं. तिनं डोळे मिटले आणि सा लावला.

ऊन उभं राहिलं. बुडालेली घागर वर आली, काठोकाठ, थेंबाथेंबात सूर्य घेऊन, आणि खोलीभर सांडली, सांडत राहिली.

हा आवाज तीन वर्षं याच खोलीत होता. सरांपासून पाच हातांवर.

आदरानं म्हणा, अधिकारानं म्हणा, सरही तिच्या सुरात सूर मिसळायला गेले. वर चढताना गळा टर्रकन फाटला.

सुनेत्रानं डोळे उघडले नाहीत. "सर," ती मायेनं म्हणाली, "तुम्ही नुसते ओठ हलवा."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांनी ओठ हलवले. चाळीस कंठ काळी चारवर गाऊ लागले, आणि त्या पीतप्रवाहात सर तोंड उघडत, तोंड मिटत, माशासारखे मुकाट तरंगले. मग त्यांनी खिशातली यादी काढली. सुनेत्राचं नाव सगळ्यांत वर लिहिलं. तळाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, दि. ह. कुलगुडे.

काळी एक आणि काळी चार यांच्यात पेटीवर चार बोटांचं अंतर असतं.