बसणाऱ्याचं वजन

आई हट्टाला पेटली की तिच्यापुढे भलेभले हात टेकायचे. थोरली तर नर्स होती, रोज दहा हट्टी म्हाताऱ्यांना गोडीगुलाबीनं गोळ्या गिळायला लावणारी, पण घरच्या म्हातारीपुढे तिची मात्रा चालेना. वडील जाऊन दीड महिना झाला होता. एवढं मोठं आवार, शेजारी हाकेच्या पलीकडे; इथं आईनं एकटीनं राहायचं नाही, हे थोरलीनं आणि धाकट्या भावानं फोनवर ठरवून टाकलं होतं. थोरलीकडची मागची खोलीही रंगवून झाली होती. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते की. आधी गवत कापून दे."

"माणूस लावते, आई."

"माणूस नको. ह्यांच्याच यंत्रावर काप. ह्यांचं अर्धं राहिलंय."

राहिलं होतं खरंच. मागच्या आवारात मधोमध सरळ रेघ होती, एका अंगाला गवत घोट्याएवढं, दुसऱ्या अंगाला गुडघ्याच्या वर. रेघ संपायची तिथं कुंपणाची एक फळी मोडलेली. त्या दुपारी वडील, ट्रॅक्टरसारख्या बसून चालवायच्या त्या गवत कापायच्या यंत्रावर, बसल्या बसल्याच गेले. यंत्राला त्याचं काय? ते त्यांना घेऊन तसंच चालत राहिलं, कुंपणाला जाऊन भिडलं आणि पातं खांबात अडकवून तिथंच गुरगुरत उभं राहिलं. पाती अडकलेली, इंजिन चालू. इंजिन आणि पाती यांच्यामधला रबरी पट्टा घासून घासून जळाला, तुटला, पुलीत गुंतला, तेव्हा कुठं इंजिन गचका खाऊन बंद पडलं. आई स्वयंपाकघरात होती. यंत्राचा आवाज येतोय म्हणजे हे ठीक आहेत, असं ती चाळीस वर्षं धरून चालली होती. आवाज थांबला तेव्हा ती बाहेर आली.

डॉक्टर म्हणाले होते, एका क्षणात गेले, जवळ कुणी असतं तरी उपयोग नव्हता. थोरलीला ते पटलं होतं. आईला पटलं की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

पुढच्या रविवारी थोरली नवा पट्टा घेऊन आली. सुट्या भागांच्या दुकानदारानं यंत्राचा नंबर बघून पट्टा काढून दिला आणि वर उपदेशही केला. "ताई, हात घालायच्या आधी प्लगची वायर काढायची. आणि सगळ्यात आधी सीटखालचा खटका तपासा. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला, तर इंजिन बंद पडलं पाहिजे. बसणाऱ्याचं वजन गेलं की बंद. लोक कंटाळतात, त्या खटक्याला वायर जोडून ठेवतात, आणि मग गवतात बोटं शोधत फिरतात."

"आमचे बाबा तसले नव्हते."

"सगळ्यांचे बाबा तसले नसतात. तुम्ही तपासा तरी."

तिनं तपासलं. शेडमध्ये म्हैस उभी होती. वडील यंत्राला म्हैसच म्हणायचे, काळी, रुंद, आणि मनात असेल तेव्हाच चालणारी. थोरली सीटवर बसली. सीटमध्ये वडिलांच्या बैठकीचा खळगा पडला होता आणि त्यात बसताना तिला उगीच चोरट्यासारखं झालं. चौथ्या खेपेला, गुंतलेल्या पट्ट्याला हिसका देऊन, इंजिन धरलं. तिनं पात्यांचा दट्ट्या ओढला आणि सीटवरून जेमतेम वीतभर उठली. इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा उठली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. सीट उलटून खालीही बघितलं, वायर जोडलेली नव्हती. बाबा तसले नव्हतेच. दुकानदाराला हे फोन करून सांगावं असं तिला क्षणभर वाटलं.

मग ती कामाला लागली. प्लगची वायर काढून बाजूला वाकवली. यंत्राच्या पोटाखाली पाती झाकणारं लोखंडी ताटासारखं असतं, त्याला डेक म्हणतात. तो खाली सोडून, चार पिना काढून तिनं बाजूनं ओढून घेतला. लहानपणी ती वडिलांच्या हातात पाने द्यायची, तेवढ्यावर भिस्त. कुठला पाना कुठं लागतो हे हातांना आठवत होतं, त्यामुळे ती स्वतःवर खूश होती.

पुलीत गुंतलेला जुना पट्टा तिनं सोडवला आणि तिची खुशी मावळली. एवढा जाड पट्टा, पण आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, कडक, चिरा पडलेला. असा पट्टा दोन मिनिटांत जळत नाही. वीस मिनिटं तरी लागली असतील, जास्तच. आणि घसरणारा पट्टा गप्प बसत नाही, तो किंचाळतो. आख्ख्या आवारात ऐकू जातं. म्हणजे त्या दुपारी आवाज नेहमीच्या चालू यंत्राचा नव्हता. वीस मिनिटं यंत्र किंचाळत होतं, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

तिनं तो पट्टा पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली.

नवा पट्टा दोन्ही पुल्यांवरून, लोखंडी आकड्यांच्या आतून, पीळ न पडू देता फिरवायचा. शेवटी स्प्रिंगची पुली ओढून धरायची आणि तिच्यावर चढवायचा. त्या स्प्रिंगनं तिच्या नाकी नऊ आणले. पान्यावर पाय देऊन झाला, बोटाचं सालटं निघालं, पट्टा केसभर अंतरावरून निसटायचा. मागून आईचा आवाज आला. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"आधी शिवी देतात हे. मग बसतो तो."

थोरलीनं आईसमोर, जन्मात पहिल्यांदा, एक सणसणीत शिवी हासडली. पट्टा टप् करून बसला. दोघी हसल्या. हसता हसता थोरलीला जाणवलं, आई "द्यायचे" म्हणाली नव्हती, "देतात" म्हणाली होती. इतकी वर्षं जिभेवर बसलेलं असं एकदम सुटतं का, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

डेक परत चढवला, पिना घातल्या, प्लगची वायर लावली आणि ती म्हशीवर बसून बाहेर आली. ऊन चांगलं होतं. गवत आडवं पडत होतं, रेघ पुसली जात होती, संध्याकाळपर्यंत आईची बॅग गाडीत पडणार होती. निम्मं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सीटच्या अगदी पुढच्या काठावर बसून चालवतोय. पाठ दुखायला लागली होती, म्हणून ती मागं सरकायला गेली. आणि लगेच पुन्हा पुढे आली. मागे काही नव्हतं, पण जागाही नव्हती. उरलेलं गवत तिनं मागं वळून न बघता कापलं.

गवताची शेवटची ओळ घराच्या पायरीपाशी संपली. तिनं ब्रेक ओढला आणि उडी मारली. घाईत पाती बंद करायची राहिली. पाच-सहा पावलं गेल्यावर तिला कळलं, की इंजिन बंद पडलेलं नाही.

ती वळली. म्हैस थरथरत उभी होती, पाती फिरत होती, आणि सीट खाली दबलेली होती. वरचं रेक्झिन खळग्यात ताणलं गेलं होतं, काठाला सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं रात्रपाळ्या करून करून शंभर माणसं बिछान्यावर बसलेली बघितली होती. बसलेल्या माणसाखाली गादी कशी दिसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या डोळ्यांदेखत स्टिअरिंग थोडं फिरलं. पुढची चाकं गवतात चुरचुरत वळली, कुंपणाकडे.

ती किल्लीकडे झेपावली.

"राहू दे," आई म्हणाली. ती पायरीवर उभी होती, प्रवासाचं नेसून तयार. घाबरलेली दिसत नव्हती. कुणी उशिरा जेवायला आल्यावर बघावं तसं ती सीटकडे बघत होती.

"आई, मागं हो. पाती फिरतायत."

"तुम्ही दवाखान्यात घरच्यांना कसं सांगता गं? माणूस गेल्यावर?"

थोरलीची नजर सीटवरच होती. तरी रोज नवशिक्या नर्सेसना सांगायचं ते तोंडून निघालंच. "उभ्यानं नाही सांगायचं. शेजारी बसायचं. हळू बोलायचं, पण सरळ."

"ह्यांना कुणी सांगितलंच नाही," आई म्हणाली. "ह्यांना वाटतंय, अजून गवत राहिलंय."

तिनं पदर खोचला, पायरीवरूनच यंत्राच्या पायटेकणीवर पाय ठेवला आणि हलकेच म्हणाली, "सरका जरा." सीट कुरकुरली. आई काठावर टेकली, उरलेली सगळी जागा सोडून. थोरलीला ओरडायचं होतं, आईला ओढून काढायचं होतं, आणि तिचे पाय जागचे हलत नव्हते. इंजिनच्या आवाजात शब्द कळत नव्हते. आईचे ओठ हलत होते, मधेच ती थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, पुन्हा बोलायची. एकदा तिनं डोळे पुसले. एकदा बराच वेळ खाली मान घातली.

मग इंजिन बंद पडलं. आई अजून बसलेलीच होती, पण वाळून काटकी झालेली बाई ती, काठावर टेकलेली. तिच्या एकटीच्या वजनानं तो खटका दाबला जात नव्हता. तिच्या मागे सीट हळूहळू वर आली.

आवार इतकं शांत झालं की पात्यांचा शेवटचा फेराही ऐकू आला.

थोरली जवळ गेली. "आई?"

"कळलं त्यांना," आई म्हणाली. ती कुंपणाकडे बघत होती. "मला विचारलं, तू ऐकत होतीस ना?"

"आणि?"

"म्हटलं, हो. ते किंचाळणं सगळं ऐकत होते. वाटलं, यंत्रावर चिडलात, आता येताल आत." तिनं उतरायला थोरलीचा हात धरला. बोटं बर्फासारखी गार होती. "बरं म्हणाले. एवढंच. चल, बॅग घे."