पेटीतला गारवा

संगणक दुरुस्तीच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर काळ्या मखमलीने झाकलेली पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर हात पसरून डिस्कबाबा डोळे मिटून बसले होते.

"डिस्क मेलेली नाही, रुसली आहे! लहरी जुळल्या की बोलेल."

बराच वेळ पुटपुटून त्यांनी पेटीतली हार्ड डिस्क काढली आणि संगणकाला जोडली. सकाळी नुसती टिकटिकणारी डिस्क फिरू लागली. एका गाण्याच्या चार ओळी वाजल्या. लोकांच्या अंगावर काटा आला.

"माझ्या भावाचा आवाज!" डिस्क घेऊन आलेल्या परिचारिका ताईंना हुंदका आवरेना. भाऊ गेल्या वर्षी गेला होता. त्याची सगळी गाणी एवढ्या एकाच डिस्कवर होती.

तेवढ्यात डिस्क पुन्हा टिकटिकू लागली.

"आज एवढंच. उरलेलं तिसऱ्या बैठकीला," बाबा म्हणाले.

मागच्या बाकावर निवृत्त मास्तरांनी मान खाली घातली. मागच्या बैठकीलाच त्यांनी सारे ओळखले होते, तरी तोंडाला कुलूप लावले होते. बाबा त्यांचाच तंत्रनिकेतनातला विद्यार्थी, आणि युक्तीही त्यांचीच. प्रयोगशाळेत एकदा त्यांनी अडकलेली डिस्क गार करून क्षणभर चालवून दाखवली होती. मुलांनी कारण विचारले, तेव्हा समजावण्याचा कंटाळा आणि कौतुकाची चटक, दोन्ही एकदम जिभेवर आली. "हातगुण लागतो," एवढेच ते म्हणाले होते.

ताई त्यांच्याजवळ आल्या. "मास्तर, बाबा तुमच्याच हाताखाली शिकले म्हणे. पुढच्या वेळी सगळी गाणी येतील ना हो?"

मास्तरांना बसवेना. ते टेबलापाशी गेले. "पेटी उघड."

"सर, आत ऊर्जा आहे..."

"ऊर्जा नाही रे, बर्फ आहे!" त्यांनी मखमल ओढली. आत बर्फाच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि पत्र्यावर पाण्याचे थेंब जमले होते.

"लहरींना सर्दी झाली वाटतं!" कोणीतरी ओरडले.

"गारव्याने धातू किंचित आकसतो, अडकलेला भाग कधीकधी सुटतो," मास्तर म्हणाले. "डिस्क तापली की तो पुन्हा अडकतो. वर आत दव धरतं आणि वाचणारी सुई तबकडी खरवडते. प्रत्येक बैठकीत गाणी पुसली जात आहेत, ताई."

बाबा उसळले. "हातगुण लागतो, असं तुम्हीच शिकवलंत की, सर!"

"हो. ते खोटं होतं."

मास्तरांनी डिस्क घरी नेली, नीट सुकू दिली. मग पंख्याखाली, तापू न देता ती एकदाच सुरू करून आधी धडधाकट भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवले, खराब भाग शेवटी ठेवले. तीन दिवसांनी बेचाळीसपैकी सव्वीस गाणी हाती लागली.

"आणि बाकीची?" ताईंनी विचारले.

"मी पहिल्याच बैठकीला बोललो असतो, तर त्यातली काही वाचली असती. मला लाज वाटत होती."

ताईंनी नवी डिस्क पिशवीत ठेवली. "मग आता तरी गप्प बसू नका," एवढे म्हणून त्या निघाल्या.

तेव्हापासून मास्तर भेटेल त्याला सांगतात: डिस्क टिकटिकली की वीज आधी बंद करा, जिवाभावाच्या गोष्टीची दुसरी प्रत आजच काढा. आणि 'कसे?' विचारल्यावर जो उत्तर टाळतो, त्याच्या हाती काही सोपवू नका, मग तो तुमचा शिक्षक का असेना.